पोकलेनचा आवाज आणि लोंगेवाला: रणगाड्यांच्या सिनेमांच्या आठवणी लिहा

वाट्या_किणकिणल्या
काल रात्री साडेबाराला आमच्या गल्लीतून पोकलेन गेला. कासारवडवलीला मेट्रोच्या कामाची सवय आहे म्हणा, पण हा पट्ट्यांवर थेट बिल्डिंगखालून चालत गेला. आधी मांडणीतल्या वाट्या किणकिणल्या, मग खिडकीची काच, आवाज सगळ्यात शेवटी आला. मी अर्धवट झोपेत उठून बसलो आणि तोंडातून निघालं, "टँक आले!" बायको अजून हसतेय.

मग झोप कसली. १९९७, ठाण्याचं मल्हार थिएटर, १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईवरचा 'बॉर्डर'. बाबा वागळे इस्टेटमध्ये प्रेस शॉपला होते, सेकंड शिफ्ट बुडवून मला घेऊन गेले. अंधारातून टँकांची घरघर यायला लागली तेव्हा माझी खुर्ची खरंच हलत होती की मीच, माहीत नाही. वर्षानुवर्षं मशीनजवळ काम करून बाबांना कमी ऐकू यायचं. बाहेर पडल्यावर म्हणाले, "आज पहिल्यांदा पिक्चर नीट ऐकू आला."

तुमचेही अनुभव येऊ द्या. कुठलाही युद्धपट चालेल, फक्त त्यात रणगाडा हवा.

कोपरीवाला
मी तीनदा पाहिला. तिन्ही वेळा ते चिठ्ठीचं गाणं लागलं की आई रडायची आणि मी समोसा संपवून घ्यायचो

फॅक्टचेक_काका
सिनेमा चांगलाच, पण एक सल आहे. सुनील शेट्टीचा भैरोसिंग पडद्यावर शहीद होतो. खरे भैरोसिंग राठोड २०२२ पर्यंत होते! गस्तीवर असताना टँकांचा आवाज ऐकणारे धरमवीर, तेही २०२२ लाच गेले. जिवंत माणसाने स्वतःचं मरण थेटरात बसून बघायचं, लोक टाळ्या वाजवतायत, काय वाटत असेल? आणि विमानं रात्री का येत नाहीत म्हणून आम्ही पोरं चिडायचो. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करायची सोयच नव्हती. लोंगेवालाच्या चौकीवरच्या मेजर चांदपुरींच्या १२० माणसांना उजाडेपर्यंत तग धरणं भाग होतं.

नौपाड्याची_मावशी
७१ साली मी सातवीत. आमच्या वाड्यात खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. रणगाडा वगैरे रेडिओवरच. माझे काका रोज जेवताना ताटात भाताचे ढीग करून आजीला लढाई समजावायचे. वरणाचं ओघळ म्हणजे नदी. आजी म्हणायची आधी जेव, मग जिंक.

कोपरीवाला
मावशी 😂😂 आधी जेव मग जिंक, टीशर्टवर छापतो

एक_पस्तीसांश
वाशीत राहतो, १:३५ स्केलचे (खऱ्याच्या पस्तीसाव्या भागाएवढे) मॉडेल टँक जोडतो (बायकोच्या भाषेत "प्लॅस्टिकचा कचरा"). या नादामुळे युद्धपट शांतपणे बघताच येत नाही. 'बॅटल ऑफ द बल्ज' मधले जर्मन टायगर रणगाडे म्हणजे चक्क अमेरिकन पॅटन रणगाडे, स्पेनच्या लष्कराकडचे! सिनेमा १९६५ चा. म्हणजे एकीकडे पॅटन स्पेनमध्ये टायगरचं सोंग घेत होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भारत-पाक युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन आपल्या लोकांनी पाणी सोडलेल्या शेतांत रुतत होते. अब्दुल हमीदांनी जीपवरच्या तोफेने टिपले ते हेच. यावर धड सिनेमा निघत नाही.
'फ्युरी' (२०१४) बघा मात्र. त्यातला टायगर खरा आहे, १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला, इंग्लंडच्या बोव्हिंग्टन म्युझियममधून आणलेला.

बेलापूर_लोकल
शिर्डीहून येताना नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम बघितलं. मुलगा सेंच्युरियन रणगाड्यावर चढला, जवानाने "बेटा, उतर" म्हटलं तर म्हणतो, "पाचच मिनिटं." नवरा फोटो काढत राहिला, ओरडा मी खाल्ला.

निवृत्त_दफेदार
ऐरोलीत असतो. त्याच नगरला माझं ट्रेनिंग झालं, म्हणून लिहितो. आधी विजयंता, नंतर टी-७२, दोन्ही रणगाड्यांवर ड्रायव्हर.
विजयंतात चौघं: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. टी-७२ मध्ये तिघं, गोळा भरायचं काम मशीन करतं. सिनेमात आतली माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून डायलॉग मारतात. ड्रायव्हर पुढे एकटा असतो हो. हॅच बंद केलं की पेरिस्कोपमधून दिसेल तेवढंच जग. बाकीचे फक्त कानात. एका गनरबरोबर तीन वर्षं काढली, त्याचा आवाज आजही शंभरात ओळखेन. चेहरा आठवायला मात्र फोटो काढावा लागतो.
दुसरं, धूळ. सिनेमात सगळं स्वच्छ दिसतं. खरं तर पुढची गाडी (आम्ही गाडीच म्हणायचो) निघाली की मागच्याने देवाचं नाव घ्यायचं. आणि वाळूत ट्रॅक (चाकांवरचा पट्टा) उतरला की हिरोगिरी संपली. घण, पहार, शिव्या. हे कोणी दाखवत नाही कारण त्याला म्युझिक कुठलं देणार.

वाट्या_किणकिणल्या
साहेब, सलाम. थोडं अजून लिहा ना.

एक_पस्तीसांश
दफेदार साहेब, विजयंताचा रंग नक्की कुठला? डब्यावर लिहिलंय ऑलिव्ह, पण फोटोत वेगळाच दिसतो. तीन महिने अडकलोय.

निवृत्त_दफेदार
चिखलाचा.

कोपरीवाला
🤣🤣 विषय संपला

घणसोली_गृहिणी
'पिप्पा' कोणी पाहिला? त्यातला पीटी-७६ रणगाडा पाण्यावर तरंगतो, म्हणून जवान त्याला तुपाच्या रिकाम्या डब्याचं नाव देतात, पिप्पा. आमच्याकडे पाहताना सासूबाई म्हणाल्या, तो डबा मी दिवाळीपासून शोधतेय. (कुकरची शिट्टी झाली, येते नंतर)

फॅक्टचेक_काका
पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नाव राहिलं. १९६५ ला तारापोर, १९७१ ला अरुण खेतरपाल, एकाच रेजिमेंटला दोन परमवीर, दोघेही टँकवर लढताना गेले. तारापोर आडनाव आपल्या पालघरच्या तारापूरवरून.

बेलापूर_लोकल
आम्ही लोंगेवालाही केलं गेल्या वर्षी. टूरवाल्याने तिथे वीस मिनिटं दिली आणि गालिच्याच्या दुकानात दीड तास.

कोपरीवाला
कट्टा करूया का एकदा, मामलेदारची मिसळ. तिखट घेतली की टँकमध्ये बसल्यासारखंच वाटतं

निवृत्त_दफेदार
येईन. धागाकर्त्याने वडिलांना आणावं. माझाही डावा कान गाडीने खाल्लाय. दोघं मोठ्याने बोलू.

वाट्या_किणकिणल्या
बाबांना वाचून दाखवलं. दोनदा, कारण पहिल्यांदा ऐकू आलं नाही. येतो म्हणाले.

नौपाड्याची_मावशी
आज परत आला का रे तो पोकलेन?

वाट्या_किणकिणल्या
आत्ताच गेला मावशी. वाट्या आधीच काढून गादीवर ठेवल्या होत्या.