मानेच्या मणक्यांचा नमुना काही दिवसांसाठी हवा आहे

नमस्कार. परळमध्ये योगवर्ग घेणाऱ्या शिक्षिकांसाठी मी पाठीच्या कण्याची प्राथमिक ओळख करून देणारे टिपण तयार करीत आहे. मानेत 7, पाठीत 12 आणि कमरेत 5 मणके, त्याखाली त्रिकास्थी व माकडहाड, एवढे सांगणे सोपे आहे. मात्र मानेचा पहिला मणका केवळ कड्यासारखा असतो, दुसऱ्या मणक्यातून वर आलेला सुळका त्या कड्यात बसतो, आणि मान डावी-उजवीकडे वळवण्याचे जवळजवळ निम्मे काम याच सांध्यात होते, हे प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय नीट उमगत नाही, असे माझे ठाम मत आहे. दादर ते कुर्ला या भागात कोणाकडे मणके सुटे करता येणारा नमुना असल्यास तो मिळू शकेल का? मी तो स्वतः येऊन नेईन आणि जपून परत करीन.

फिजिओथेरपी शिकवणाऱ्यांना आणखी एक विनंती आहे. मानेत मणके 7 असूनही मज्जातंतूंच्या जोड्या 8 असतात. पहिल्या 7 जोड्या आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्या मणक्याखालून निघते आणि तेथून पुढे प्रत्येक जोडी आपल्या क्रमांकाच्या मणक्याखालून बाहेर पडते. हा बदल गोंधळ न होता एकाच आकृतीत कसा दाखवावा?