पैसा आहे, पण हात सुटत नाही. या वयात तंबोरा घ्यावा का?

गावभागातली_आजी:
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय ६७. पेन्शनमध्ये घर भागतं. निवृत्तीचे १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये खात्यात येतात आणि तिथंच पडून राहतात. मुलगा-सून पुण्यात, दोघं कमावतात. फोनवर उलट मलाच ओरडतात, "आई, खर्च कर गं!" पण जन्मभर महिनाअखेर सांभाळलेली मी, अजूनही मंडईत दिवेलागणीनंतर जाते, भाव उतरतात म्हणून.

लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या होत्या. परवा मैत्रिणीबरोबर मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. कारागिरानं एक तंबोरा पुढ्यात घेतला, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुती दोरा नखानं जरासा सरकवला, आणि तोवर बद्द वाजणारी तार अशी घुमायला लागली की मी हातातली पिशवी खाली ठेवली. किंमत एका तिमाहीच्या व्याजात बसते. तरी "कळवते" म्हणून उठलेच. येताना एसटीत अर्ध्या तिकिटाचे किती वाचले ते मात्र मोजलं!

धाकटी बहीण म्हणते, गुडघे वाकत नाहीत, आता कसला तंबोरा? शिवाय २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तळमजल्यावरची आमची वाजवायची पेटी चिखलात गेली. ती आठवली की वस्तू घ्यायचा धीरच होत नाही. तुम्ही लोकांनी हात कसा सैल केला?

साताऱ्याचे_काका:
ताई, मी व्याजासाठी खातंच वेगळं काढलं. पेन्शनमध्ये घर, व्याजात चैन, मुद्दलाला हात नाही. वर्षअखेरीला त्या खात्यात शिल्लक दिसली की बायको मला रागावते. आणि पाय चालतात तोवर पायांचे खर्च आधी उरका. रिटायर झाल्यावर निवांत कासच्या पठारावर जाऊ म्हणणारे आमचे साहेब आता गावातल्या पोवई नाक्यापर्यंतसुद्धा रिक्षानं जातात.

हळदपेठ:
सगळे उडवा म्हणतात, म्हणून मी जरा उलटं बोलतो. आधी दवाखान्याचं बघा. सत्तरी गाठली की आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात; तोवर विमा हवा, नाहीतर रक्कम बाजूला हवी. दुसरं, घर हयातीत बक्षीसपत्रानं कुणाच्या नावावर करू नका, मुलगा कितीही गुणी असो. सांभाळायची अट त्यात लिहिलेली नसली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेताना नाकी नऊ येतात. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, झालं.
तंबोरा? घ्या की. त्यानं काय दिवाळं निघतंय.

मिरजकर:
काकू, पट्टी कोणती तुमची, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर सा धरता? बायकांना साधारण काळी चार-पाचचा लागतो. काळी एकचा मोठा पुरुषी तंबोरा स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका, तो तुमच्या सुरात लागणार नाही. गुडघ्यांचं टेन्शन नको, खुर्चीत बसून मांडीवर आडवा घेऊनही वाजवतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा असतो, नाजूक. धक्का लागला की तडकतो. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण तुम्ही एवढंच विचारा की पुढं जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा घुमारा, कोण काढून देणार.

गावभागातली_आजी:
काळी चार. आणि पावसाळ्यात ओल धरते हो आमच्या भिंतींना, त्याचं काय?

मिरजकर:
माडीवर ठेवा, भिंतीपासून लांब. वाजवून झाला की गवसणी घालायची. बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवा.

गावभागातली_आजी:
गवसणी त्यातच येते, की तिचे वेगळे पैसे? घरी जुनी सोलापुरी चादर आहे, शिवून घेता येईल.

साताऱ्याचे_काका:
ताई!!