मूल सांगायला आलं की तपास करू नका, ऐका

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की मूल आपल्यावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगायला आलं तर शिक्षकानं आधी खोदून विचारावं आणि खात्री पटली तरच पुढे कळवावं. मला हे अजिबात पटत नाही. खात्री करून घेणं आपलं कामच नव्हे. कॅलिफोर्नियातला मॅकमार्टिन बालवाडीचा खटला बघा. १९८३ साली तिथल्या मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार आली, मग चौकशी करणारे शेकडो मुलांना "असं झालं ना? तसंही झालं ना?" असं विचारत सुटले. १९९० साली प्रकरण संपलं तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती. मुलांच्या तोंडी उत्तरं कोंबल्यावर खरंखोटं निवडणार कसं?

मी स्वतः एकदा चुकले आहे. एक मुलगी "कुणाला सांगणार नाही ना?" म्हणाली आणि मी पटकन "नाही गं" बोलून बसले. पुढे मुख्याध्यापकांना सांगणं भागच होतं, आणि तिच्या लेखी मी खोटारडी ठरले. आता आधीच सांगते, "ज्यांना सांगावंच लागेल, तेवढ्यांनाच सांगेन." बाकी "मग काय झालं?" एवढंच विचारायचं. "तू का गेलीस?" तर चुकूनही नाही, त्यात दोष तिच्याच माथी येतो. आणि त्याच दिवशी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून खाली तारीख, वेळ, सही. 'अनुचित प्रकार' असलं गुळगुळीत काही नको. शरीराच्या भागाला तिनं जो शब्द वापरला तोच लिहायचा, आपला हात कितीही अडखळला तरी.