कोडची जोडी एकास एक जुळत नाही
कोणीतरी म्हटलंय, बांधकामातल्या घटकांना कोड देणाऱ्या दोन वर्गीकरण पद्धती, युनिक्लास आणि कोक्लास, यांचे कोड एक्सेलमध्ये शेजारीशेजारी मांडले की झालं. नाही हो, तिथंच गाडी अडते! दोन्हींचा पाया आयएसओ 12006-2 हे बांधकाम-वर्गीकरणाचं आंतरराष्ट्रीय मानकच. पण ब्रिटिश युनिक्लासमध्ये रस्त्याचं फरसबंदीकाम 'एसएस' तक्त्यात प्रणाली म्हणून बसतं, त्यातलं साहित्य मात्र 'पीआर'मध्ये उत्पादन म्हणून. स्वीडनचं कोक्लास 81346 या आंतरराष्ट्रीय मानक-मालिकेच्या वाटेनं जातं, वस्तू मुळात काम काय करते ते आधी विचारतं. मग एका पद्धतीतल्या ओळीसमोर दुसरीतल्या तीन ओळी येतात, आणि कुठली धरायची यावर बैठका. मी आयएफसी 4.3 (बांधकामाच्या डिजिटल मॉडेलच्या देवाणघेवाणीचं खुलं मानक) मधले पेव्हमेंट (फरसबंदी), कोर्स (तिचा थर), कर्ब (रस्त्याची कड) हे वर्ग मुख्य धरतो आणि एकाच घटकाला हवे तितके देशोदेशीचे कोड संदर्भ म्हणून जोडतो. कोडशेजारी तक्त्याची आवृत्ती मात्र न चुकता लिहा, युनिक्लास वर्षातून अनेकदा सुधारलं जातं.