‘हेझिटेट’ हा शब्द तुम्हाला कुठे आणि कसा भेटला?

‘हेझिटेट’ या इंग्रजी क्रियापदापुढे शब्दकोशात ‘कचरणे’, ‘संकोचणे’ असे अर्थ दिलेले असतात. परंतु रोजच्या कामात हा शब्द कुठे भेटला आणि तिथे त्याचा कोणता अर्थ लागला, हे कोकणातील वाचकांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवगड, आंबा बागायतदार : निर्यातदारांच्या पत्रांच्या अखेरीस ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट अस’ हे वाक्य हमखास असते. आम्ही भीड बाळगतो असे त्यात सुचवलेले नसते. आपल्या पत्रातील ‘लोभ असावा’सारखी ती एक रीत आहे. उत्तरात मी ‘निःसंकोच कळवावे’ असे लिहितो.

दापोली, इंग्रजीचे शिक्षक : हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ ‘चिकटून राहणे’ असा आहे, आणि ‘अॅडहिसिव्ह’ (चिकटवणारा पदार्थ) हा शब्दही त्याच कुळातला. मुलांना हे सांगितले की ‘रिलक्टंट’शी असलेला फरक त्यांना चटकन उमगतो. ‘रिलक्टंट’ माणसाला ते काम मनातून नकोच असते. ‘हेझिटेट’ करणाऱ्याला ते करायचे असूनही त्याचे पाऊल अडलेले असू शकते. प्रयोगाबाबत एवढेच, की क्रिया सांगायची असल्यास पुढे ‘टू’ आणि मूळ क्रियापद येते.

वेंगुर्ले, आरोग्यसेविका : जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जगाच्या आरोग्यापुढील दहा धोक्यांत ‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’चा समावेश केला, आणि तेव्हापासून हा शब्द आमच्या प्रशिक्षणांत सतत ऐकू येतो. संघटनेच्या तेव्हाच्या व्याख्येत लस उपलब्ध असूनही ती घेण्यास विलंब करणे आणि ती नाकारणे, या दोन्ही गोष्टी येत होत्या. वाडीवर मात्र हे दोन्ही एकच मानून चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. पाच आजारांवरच्या एकत्रित पेंटाव्हॅलेंट लशीनंतर मोठ्या नातवाला ताप आला होता, म्हणून धाकट्याला घट्ट धरून ‘आज नको गो, फुडच्या वेळेक बघूया’ म्हणणारी आजी लशीच्या विरोधात नसते. ताप का येतो, तो किती दिवस राहतो आणि आला तर काय करावे, हे तिला कोणीतरी ओट्यावर बसून सांगायला हवे असते. अशा घरापुढे मी ‘नकार’ लिहीत नाही. पुढच्या लसीकरण सत्राची तारीख बाळाच्या कार्डावर लिहून देते आणि आदल्या दिवशी पुन्हा जाऊन येते.