‘कोल्ड न्यूट्रॉन सोर्स’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका, कोथरूड :
विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी मी एका फलकाचा अनुवाद करते आहे. संशोधनाच्या अणुभट्टीत ‘कोल्ड न्यूट्रॉन सोर्स’ कसा उभारतात, हा त्याचा विषय आहे. मी ‘शीत न्यूट्रॉन स्रोत’ लिहिले होते. मुद्रितशोधकांनी ‘स्रोत’ खोडून ‘उगम’ केले आणि समासात ‘स्रोत म्हणजे प्रवाह’ अशी टीप दिली. संस्कृतापुरते ते बरोबर आहे, पण ‘उगम’ वाचून न्यूट्रॉन तिथेच जन्मतात असे वाटते. आपले मत काय?

निवृत्त शिक्षक, सहकारनगर :
ताई, मूळ इंग्रजी नावच फसवे आहे. न्यूट्रॉन जन्मतात ते गाभ्यातल्या युरेनियमच्या विखंडनातून. हा ‘सोर्स’ म्हणजे गाभ्याजवळ बसवलेले, सुमारे 20 केल्विनला, म्हणजे उणे 253 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्रव हायड्रोजनचे भांडे. सेकंदाला सुमारे 2200 मीटर वेगाचे न्यूट्रॉन त्यात आपटत आपटत हजार मीटरच्याही खाली येतात, त्यांची तरंगलांबी वाढते आणि प्रथिनांसारख्या मोठ्या रचना त्यांच्याकरवी तपासता येतात. आपण चहा बशीत ओतून निववतो, म्हणून बशीला चहाचा उगम म्हणतो का? माझ्या मते ‘न्यूट्रॉन निववणी’ म्हणावे.

पेठकर :
‘निववणी’ स्वयंपाकघरात शोभते, फलकावर नव्हे. न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या पदार्थाला, म्हणजे मॉडरेटरला, परिभाषेत ‘मंदायक’ आहे, तेव्हा ‘शीत मंदायक’ म्हणा आणि मोकळे व्हा. मात्र ‘शीत’ शब्दाला माझी आजी हसली असती. तिच्या लेखी शीत भाताचेच असे.

अनुवादिका, कोथरूड :
शीतगृह आणि शीतयुद्ध चालतात, मग शीत न्यूट्रॉन का चालू नयेत? ‘मंदायक’ शास्त्रशुद्ध आहे, पण शाळकरी मुले त्याचा अर्थ बुद्धीशी जोडतील. शिवाय फलकाचा निम्मा मजकूर त्या भांड्याच्या थंडाव्याविषयी आहे: गाभ्यातील गॅमा किरणांनी भांडे सतत तापत असते, ती उष्णता हेलियमच्या शीतयंत्रणेने उपसावी लागते, आणि हायड्रोजनला हवा लागू नये म्हणून भांड्याभोवती आणखी आवरणे घालावी लागतात.

निवृत्त शिक्षक, सहकारनगर :
म्हणजे अहोरात्र निववण्याचेच काम की! फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या अणुभट्टीत तर साध्या हायड्रोजनऐवजी द्रव ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वापरतात, तरी काम तेच. माझा शब्द मी मागे घेत नाही.

पेठकर :
निववणी की मंदायक, ते मागाहून ठरवू. ‘स्रोत’ ठेवणार असाल तर निदान तो ‘स्त्रोत’ होऊ देऊ नका. त्यात ‘त’ घुसवणाऱ्यांनी मराठीचा जीव घेतला आहे.

अनुवादिका, कोथरूड :
छापखान्यातून आत्ताच नमुना आला. ‘उगम’ काढून त्यांनी ‘स्त्रोत’च छापले आहे.