नर्मदा परिक्रमा (पायी): सॅक 13 किलोची झालीय, काय काढू?

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलणार आहे. वय 52, वजन 58 किलो. सामान किलोमध्ये: रिकामी सॅक 2, स्लीपिंग बॅग 1.9, तंबू 2.4, चार जोड कपडे आणि स्वेटर 2.8, टर्किश टॉवेल 0.6, गॅसची शेगडी व भांडी 1.3, पॉवर बँक-चार्जर 0.6, औषधं 0.9, पोथी-पूजा 0.8. एकूण 13.3, यात पाणी नाही. गुडघे आत्ताच कुरकुरतायत. काय कमी करू?

प्रतिसाद १
ताई, तंबू आणि शेगडी आजच बाहेर काढा. मुक्काम आश्रमात, धर्मशाळेत, देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर होतो. काही ठिकाणी सदावर्त म्हणून कोरडा शिधा मिळतो, तो चुलीवर शिजवायचा. त्यासाठी 300 ग्रॅमचं एक पातेलं, ताटली आणि चमचा पुरे. दोघं-तिघं बरोबर असाल तर पातेलंही एकच घ्या.

कपडे दोनच जोड, एक अंगावर आणि एक सॅकमध्ये. जाड सुती नको. डिसेंबर-जानेवारीत काठावर धुकं आणि दव असतं, रात्री दोरीवर टाकलेला सुती कुर्ता सकाळी ओलाच निघतो. पातळ मिश्र धाग्याचा घ्या. टॉवेलऐवजी पंचा घ्या (150 ग्रॅम), तो कपडे वाळवायलाही लागतो: कोरडा पंचा पसरा, त्यावर पिळलेला कुर्ता ठेवा, दोन्हीची घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघा टेकून दाबा. उरलेलं पाणी पंचा ओढून घेतो. साबण मैयात नको, बादलीत पाणी घेऊन काठापासून लांब धुवा.

प्रतिसाद २
औषधांचे खोके फेका, पण पट्टीवरचं नाव आणि मुदतीची तारीख कापू नका. ओआरएसची सहा पाकिटं ठेवा.

अंथरायला फोमची चटई खांद्यापासून कमरेपर्यंतच कापून घ्या, 200 ग्रॅममध्ये भागतं. पाय रिकाम्या सॅकवर ठेवायचे. स्लीपिंग बॅग मात्र काढू नका. पांघरूण सगळीकडे मिळतंच असं नाही, आणि थंडीने झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचं चालणं बिघडतं.

पाणी एरवी 1 लिटर, शूलपाणीच्या झाडीत (वाटेतला जंगलाचा डोंगराळ टप्पा) 2. पूजेच्या नर्मदाजलाला 100 मिलीची कुपी चालते.

सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सामान भरा. बाहेरून घालायच्या कव्हरमधून पाठीकडच्या बाजूने पाणी शिरतंच. नर्मदा समुद्राला मिळते तिथे, कठपोरहून पलीकडच्या मिठी तलाईला नावेने जाताना फोन आणि आधार कार्ड वेगळ्या बंद पिशवीत ठेवा.

प्रश्नकर्ती
खूप आभार. तंबू, शेगडी, दोन जोड कपडे, टॉवेल, खोके काढले, चटई घातली: 7.5 किलो! पण खांदे अजून दुखतात. नवी सॅक घेऊ का?

प्रतिसाद १
आधी कमरेचा पट्टा तपासा. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसायला हवा. क्रम असा: खांद्याचे पट्टे सैल सोडा, कमरेचा आवळा, मग खांद्याचे फक्त पाठीला टेकतील इतकेच ओढा. पातेलं आणि पाणी पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवा. जड वस्तू बाहेरच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढते, आपण पुढे वाकतो आणि खांदे भरून येतात.

मग भरलेली सॅक घेऊन सलग तीन दिवस रोज 15 किलोमीटर चाला, त्याच बुटांत, त्याच मोज्यांत. तेवढं केल्यावरही दुखलं तरच दुकानात जा.